कातळावर केलेली माती

गणपती विसर्जन करून आप्पा गावाहून मुंबईला आले आणि तिथून विमानानं माझ्याकडे, आयर्लंडमधल्या गॉलवेला. आईचंही तिकीट काढायचं होतं, पण गाय नुकतीच व्यायलेली. तिला शेजाऱ्यांवर टाकून यायला आई तयार झाली नाही. त्यामुळे एकटे आप्पा, वय बहात्तर, आणि एक बॅग. तिच्यात निम्मी जागा आमसुलांनी, कुळथाच्या पिठानं आणि आंब्याच्या साठांनी अडवलेली.

मी नऊ वर्षं आयर्लंडमध्ये नर्स आहे. इथं यायचं ठरवलं की ओळखीतले लोक मला विचारतात, काय काय बघायचं? मी आजवर सगळ्यांना तेच सांगत आले: मोहरचे कडे, डब्लिन, उत्तरेचे ते षटकोनी दगडी खांब. चुकीचं काही नव्हतं त्यात. पण आप्पांबरोबर तीन आठवडे हिंडले आणि आता तेच उत्तर देववत नाही. आप्पांनी आयुष्यभर राजापूरकडच्या आमच्या सड्यावर आंब्याची कलमं जगवली आहेत. कातळात सुरुंगानं खड्डा पाडायचा, लांबून माती आणून तो भरायचा, भोवती दगडांचा गडगा घालायचा. त्यांची नजर कुठं थांबते ते मी बघत होते, आणि ज्या जागा मला पाठ आहेत असं वाटायचं त्या मी नव्यानं पाहत होते.

पहिल्याच आठवड्यात आम्ही न्यूग्रेंजला गेलो. डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या वळणात, हिरव्या टेकाडावर एक प्रचंड गोल उंचवटा आहे, आत दगडी थडगं असलेला. पंच्याऐंशी मीटर रुंद. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० मध्ये, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, तो शेती करणाऱ्या माणसांनी बांधला. लोखंड नव्हतं, चाक नव्हतं. पायथ्याशी ९७ मोठे दगड आडवे लावलेले आहेत आणि दारासमोरच्या दगडावर एकात एक गुंतलेली वलयं कोरलेली आहेत. त्या वलयांचा अर्थ आज कुणालाच लागत नाही. समोरची पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांची भिंत मात्र उत्खननानंतर नव्यानं उभी केलेली आहे आणि तिच्यावरून जाणकारांत वाद आहेत. मला ती आवडत नाही. फार नीटनेटकी आहे. दारातला तो कोरीव दगड बघावा, आणि मान खाली घालून आत जावं.

आत जायला एकोणीस मीटरची बोळ आहे. दोन्ही बाजूंनी उभ्या शिळा, काही ठिकाणी इतक्या जवळ की अंग तिरकं करूनच पुढं सरकावं लागतं. शेवटी लहानशी खोली. वाटाड्या मुलीनं दिवे मालवले. पूर्ण काळोख. मग बोळीच्या जमिनीवरून प्रकाशाची एक बारीक रेघ सरपटत आत आली. तो विजेचा दिवा होता, खऱ्या घटनेची कल्पना यावी म्हणून लावलेला. खरी घटना वर्षातून मोजक्याच दिवशी घडते, २१ डिसेंबरच्या आसपास. वर्षातला सर्वांत लहान दिवस. त्या पहाटे उगवत्या सूर्याचा किरण दाराच्या वर मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून आत शिरतो, थेट खोलीपर्यंत पोचतो आणि साधारण सतरा मिनिटं तिथं थांबतो. इथं सूर्य आत येतो असं आसपासचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. मायकल ओ'केली नावाचे पुरातत्त्वाचे प्राध्यापक १९६७ च्या डिसेंबरात एकटेच आत जाऊन बसले, तेव्हा ती सांगोवांगी खरी निघाली.

मला अर्थातच अंबाबाईचा किरणोत्सव आठवला. कोल्हापूरच्या गर्दीत आईच्या कडेवरून पाहिलेला, देवीच्या पायांपासून वर चढत गेलेला उजेड. मी आप्पांना ते सांगायला वळले, तर ते रेघेकडे बघतच नव्हते. दिवे लागल्यावर ते मान मागं टाकून छत बघत होते. सहा मीटर उंच छत. दगडांचा एकेक थर जरासा आत सरकवत, वर निमुळतं करत नेलेलं, शेवटी एका दगडानं झाकलेलं. चुना नाही, काही नाही.

"गळत नाही?" आप्पांनी विचारलं.

मी त्या मुलीला विचारलं. ती हसून म्हणाली, पाच हजार वर्षांत नाही. बोळीवरच्या दगडांच्या पाठीवर पाणी बाजूला जावं म्हणून पन्हळी खोदलेल्या आहेत आणि सांध्यांत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरलेली आहे. हे मी आप्पांना सांगितलं. आमच्या घराची कौलं दरवर्षी चाळावी लागतात आणि तरी माजघरात पाणी येतं, त्यामुळे असेल, पण "सांध्यांत भाजलेली माती" हे शब्द ते परतीच्या बसमध्ये दोनदा पुटपुटले.

न्यूग्रेंजला थेट दाराशी गाडी नेता येत नाही. नदीपलीकडच्या केंद्रावर उतरून त्यांच्याच बसनं जावं लागतं आणि तिकीट आधी काढलेलं बरं. डब्लिनच्या किलमेनम तुरुंगाचंही तसंच, आयत्या वेळी गेलात तर परत यावं लागतं. तो तुरुंग मात्र चुकवू नये. १७९६ मध्ये सुरू झालेला, १९२४ मध्ये बंद पडलेला. १९१६ च्या ईस्टरला ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या उठावानंतर ३ ते १२ मे या दिवसांत चौदा जणांना तिथल्या दगडफोडीच्या अंगणात गोळ्या घातल्या. उठावाचे एक नेते जेम्स कॉनली इतके जखमी होते की त्यांना उभं राहता येईना, तेव्हा खुर्चीला बांधून. तुरुंग बंद झाल्यावर पडझड होऊन गेला होता. १९६० नंतर साध्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन, फुकट राबून तो पुन्हा उभा केला. त्या अंगणात दोन काळे क्रूस आहेत, बाकी खडी आणि उंच भिंती.

तो उठाव २४ ते २९ एप्रिल या आठवड्यातला. त्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ ला, बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडच्या चळवळीचा. आप्पांनी रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मघर कितीतरी वेळा पाहिलेलं आहे. मी तारखा सांगितल्यावर ते एका क्रूसासमोर हात जोडून उभे राहिले आणि आमच्या गटातले बाकीचे लोक पुढच्या दाराकडे गेले तरी हलले नाहीत.

मोहरच्या कड्यांवर आम्ही तासभरच होतो. दोनशे चौदा मीटर उंच, सरळ समुद्रात उतरलेले, छायाचित्रांत दिसतात तसेच भव्य. पण त्या दिवशी वारा इतका की बोलता येईना, आणि धुकं मध्येच येऊन सगळं पुसून टाकत होतं. खरं सांगायचं तर त्या भागात कड्यांपेक्षा मागचा बरेनचा प्रदेश मला जास्त प्रिय आहे. राखाडी चुनखडीचा उघडा कातळ मैलोन्‌मैल, त्यात उभ्या भेगा, आणि त्या भेगांत थंड प्रदेशातली आणि भूमध्यसागराकडची फुलं शेजारी शेजारी फुलतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या क्रॉमवेलचा एक सेनापती या भागातून गेला तेव्हा म्हणाला होता की इथं माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. त्याला त्याच वाक्यासाठी आज आठवतात, आणि त्याच कातळावर शेतकरी आजही गुरं पोसतात. तेही उलट्या क्रमानं. बाकी जगात उन्हाळ्यात गुरं डोंगरावर चढवतात, इथं हिवाळ्यात. चुनखडीचा कातळ उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, पाणी साचत नाही, म्हणून थंडीत जनावरं वरच सुखी असतात. गुरांनी वाळकं गवत खाल्लं म्हणून वसंतात फुलांना उजेड मिळतो. हे ऐकून आप्पा खूश झाले. "म्हणजे फुलं गुरांनी राखलेली," ते म्हणाले.

इनिश मोरला जायला रोसावीलच्या धक्क्यावरून बोट मिळते, पाऊणएक तास लागतो. अरान बेटांतलं हे सर्वांत मोठं. इथली रोजची भाषा अजून आयरिश आहे. दुकानात, बोटीवर, पोरांच्या भांडणात तीच. मी आधी दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा सायकल घेऊन सरळ डून एंगसला गेले होते. आप्पांना घेऊन टांगा केला. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सुमारे शंभर मीटर उंच कड्याच्या अगदी काठावर हा दगडी कोट आहे. एकाबाहेर एक अशा अर्धगोल भिंती, आणि बाहेरच्या बाजूला शत्रूला धावता येऊ नये म्हणून हजारो अणकुचीदार दगड जमिनीत उभे रोवलेले. वस्तीच्या खुणा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. समुद्राच्या बाजूला भिंत नाही आणि कठडाही नाही, लोक पोटावर झोपून खाली डोकावतात. शेवटची चढण दगडधोंड्यांची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. आप्पा चढले. आतल्या भिंतीत चढायला पायऱ्या आहेत, जाड भिंतीच्या आतून जाणारं बुटकं दार आहे. त्यांनी सगळं पाहिलं, भिंतीच्या सावलीत बसून डब्यातली घावनं खाल्ली, आणि उतरायला लागलो.

खरी गोष्ट घडली ती उतरल्यावर. बेटभर गडगे आहेत. डोळा पोचेल तिथपर्यंत राखाडी दगडांचं जाळं, आणि त्याच्या एकेका घरात खोलीएवढं, फार तर अंगणाएवढं हिरवं शेत. बोटीतून उतरल्यापासून आप्पा ते बघत होते. आता एका गडग्यापाशी थांबले, त्यावर हात ठेवला आणि त्याच्या कडेनं चालत कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले.

"बाय, याला बेडं कुठाय गं?"

आमच्याकडे गडग्यात वाट ठेवतात, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या भोकांत आडवे बांबू सरकवतात, ते बेडं. इथं काहीच नव्हतं. चारी बाजूंनी सलग गडगा आणि आत दोन गाई. त्या हवेतून तर उतरल्या नसणार.

शेजारच्या शेतात एक म्हातारा माणूस काम करत होता, आप्पांच्याच वयाचा, डोक्यावर चपटी लोकरी टोपी. मी त्याला विचारलं. तो काही बोलला नाही. काठी टेकवून गडग्यापाशी आला आणि एका जागचे दगड एकेक करून उतरवायला लागला. वरून नीट पाहिल्यावर मला दिसलं की तेवढ्या भागात दोन उभे दगड आहेत आणि त्यांच्यामधली भर नुसती रचलेली आहे. पाच मिनिटांत वाट झाली. त्यानं गाईंना हाकारलं, त्या सवयीनं बाहेर आल्या आणि पलीकडच्या तुकड्यात गेल्या. मग तो परत रचायला लागला. रोज गुरं हलवायची तर रोज दगड उतरवायचे, रोज चढवायचे. या बेटांवर झाडं जवळपास नाहीत. फाटकाला लाकूड आणणार कुठून?

आप्पांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. मी "अहो, राहू दे" म्हणेपर्यंत ते खाली वाकून दगड निवडत होते. ते द्यायचे, तो ठेवायचा. एकदा त्यानं एक लांबट दगड बसवला आणि आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "सांध्यावर सांधा आला." मी ते इंग्रजीत कसं सांगावं या विचारात असतानाच त्या माणसानं तो दगड आपण होऊन काढला, फिरवला, आणि दोन दगडांच्या मधोमध बसवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

एका गोष्टीवर मात्र आप्पा अडले. आमच्या गडग्यात मोठ्या दगडांमधल्या फटी कपच्या मारून बंद करतात. इथं फटी तशाच, गडग्यातून पलीकडचं आकाश दिसतं. आप्पांनी एक कपची उचलली आणि फटीत बसवायला गेले. म्हाताऱ्यानं त्यांचा हात धरला आणि पंजा उघडून त्या फटीसमोर नेला. अटलांटिकचा वारा त्या भोकातून शिटी घालत येत होता. सगळा वारा अडवला तर भिंत कोसळते, थोडा जाऊ दिला तर उभी राहते, असं तो म्हणाला. मी मराठीत सांगितलं. आप्पांनी कपची खिशात टाकली.

मग त्यानं गुडघे टेकून गवतात बोटं खुपसली आणि आप्पांनाही खूण केली. आप्पांची बोटं वीतभरही आत गेली नाहीत, खाली कातळ लागला. ही माती बेटावर नव्हतीच. फोडलेल्या दगडांनी कातळाच्या भेगा बुजवायच्या, किनाऱ्यावरून वाळू आणायची, समुद्रातलं शेवाळ आणायचं, पाठीवरच्या टोपल्यांतून नाहीतर गाढवावरून, थरावर थर घालायचे, आणि वर्षांमागून वर्षं थांबायचं. मग त्यात बटाटा लावायचा. आणि उरलेले दगड कुठं टाकायचे? त्यांचे गडगे. म्हणून शेतं एवढी लहान आणि गडगे एवढे दाट.

आयर्लंडची ही चुन्याशिवायची दगडरचना २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मला त्याचा आनंद झाला होता, आणि आता तो आनंद कशाचा ते नीट कळलं. मी नऊ वर्षं ते गडगे फोटोत मागं यावेत म्हणून बघत होते.

निघताना आप्पांनी त्याला खिशातून आंब्याच्या साठाचा तुकडा काढून दिला. त्यानं वास घेतला, खाल्ला, डोळे मोठे केले. "आमच्याकडेही कातळच," आप्पा मराठीत म्हणाले आणि पायानं जमीन ठोकून दाखवली. मी भाषांतर केलं नाही. त्यानंही पाय ठोकला.

शेवटच्या आठवड्यात मेयो जिल्ह्याकडे गेलो. तिथली एक वाट मी मुद्दाम टाळत आले होते, कारण एकटीनं जायची नाही असं मनात होतं. लुइसबर्गहून दक्षिणेला डूलॉखच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता. डूलॉख म्हणजे काळं तळं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये ते लांबट पाणी, माणूस नाही, घर नाही. आयर्लंडमधल्या सर्वांत सुंदर रस्त्यांत तो मोजतात, आणि आहेच तो सुंदर.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची सात वर्षं हा देश उपाशी मेला. गरिबांचं सगळं पोट त्या एका पिकावर होतं. धान्य, लोणी, जनावरं यांची निर्यात मात्र बंदरांतून चालूच राहिली. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्याहून जास्त जहाजांत बसून निघून गेली. १८४१ ला बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, दहा वर्षांनी ६५ लाख. ती जुनी संख्या बेटानं आजही गाठलेली नाही.

मार्च १८४९ च्या शेवटी लुइसबर्गला शेकडो भुकेली माणसं मदत मागायला जमली. मदतीला पात्र आहात की नाही ते तपासायचं, तर उद्या सकाळी डेल्फी लॉज नावाच्या बंगल्यावर हजर व्हा, असा हुकूम झाला. एकोणीस किलोमीटर, थंडीतून, अनवाणी. ती रात्रीतून चालत गेली. तिथंही काही मिळालं नाही. परतीच्या वाटेवर माणसं रस्त्याच्या कडेला पडत गेली. किती मेली यावर अजून एकमत नाही. आज त्या वाटेवर एक साधा दगडी क्रूस आहे आणि त्यावर गांधीजींचे शब्द कोरलेले आहेत: आपल्यासारख्याच माणसांच्या मानहानीत कुणाला आपला सन्मान कसा वाटू शकतो, या अर्थाचे. आप्पांना इंग्रजी वाचता येतं, सावकाश. त्यांनी ते स्वतः वाचलं. 'गांधी' हे नाव त्यांनी बोटानं गिरवलं. मग गाडीत बसल्यावर फक्त एवढंच विचारलं, "लहान मुलंही होती का गं?" मी हो म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी अ‍ॅकिलला पोचलो. बेटच ते, पण पुलानं जोडलेलं. स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी जवळपास दीड किलोमीटर लांब एक गाव पसरलेलं आहे. ऐंशी-शंभर दगडी घरं, एकालाही छप्पर नाही. दुष्काळानंतर लोक हळूहळू समुद्राच्या कडेला मासेमारीसाठी उतरले, काही परदेशी गेले. नंतरही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उन्हाळ्यात गुरं घेऊन इथं येऊन राहायचे, मग तेही थांबलं. तिकीट नाही, कुंपण नाही. मेंढ्या चरत असतात.

बुरबुर पाऊस होता. आप्पा घरांकडे जाण्याआधी वरच्या उताराकडे बघत उभे राहिले. गवताखालून जमिनीवर समांतर उंचवटे दिसत होते, कंगव्यानं ओढल्यासारखे, डोंगराच्या अंगावर दूरपर्यंत.

"वरंबे आहेत ते," आप्पा म्हणाले. "बटाट्याचे."

मी वाचलेलं होतं, तरी मी ते तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर मग सगळीकडे दिसायला लागले. लावले, वाढवले, काढले, आणि एके वर्षी काढायला कुणी उरलं नाही. त्यावर पुन्हा नांगर फिरला नाही म्हणून ते राहिले.

मग ते एका घराच्या दारापाशी गेले. दार म्हणजे दोन बाजूंचे दगड आणि वर आडवी शिळा, आत गुडघाभर ओलं गवत आणि उघडं आभाळ. आप्पा उंबऱ्यापाशी थांबले, भिंतीला हात टेकला, आणि बूट काढले. आधी उजवा, मग डावा. मोजे त्यात घातले आणि जोड भिंतीच्या आडोशाला ठेवला.

"आप्पा, गवत भिजलंय. सर्दी होईल तुम्हाला."

"घर आहे ना कुणाचं तरी."

ते शिळेखालून वाकून आत गेले. बराच वेळ आवाज आला नाही. मी बाहेर त्यांच्या बुटांवर छत्री धरून उभी होते. मग आतून त्यांनी हाक मारली. खालच्या बाजूला, भिंतीच्या मुळाशी, गवत बाजूला करून ते उकिडवे बसले होते. जमिनीतून दगडांची एक उथळ पन्हळ भिंतीबाहेर गेलेली होती.

"हे बघ," ते म्हणाले. "इथं गुरं बांधत असणार. मूत जायला वाट ठेवली आहे. वर चूल, खाली गोठा. एकाच छपराखाली." त्यांनी पन्हळीतली माती नखानं खरवडली, तोंडाला साचलेलं गवत उपटून टाकलं. पावसाचं पाणी आधी अडखळलं, मग त्या दगडांवरून वाहत भिंतीबाहेर गेलं.